आम्ही रद्द करवलेला गणिताचा वर्ग

इंजिनीअरिंगच्या पहिल्याच आठवड्यात आमची परीक्षा घेतली. आधी परीक्षा, मग शिकवणं. यावर मी तेव्हाच दोन पानी पत्रक काढू शकले असते, पण वर्गात अजून कोणाशी ओळख नव्हती आणि एकटीच्या सहीचं पत्रक म्हणजे तक्रार असते, चळवळ नसते.

पेपरवर लिहिलं होतं, 'रेडिनेस टेस्ट'. आम्ही तयार आहोत का, हे बघायचं होतं. खाली लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन असं सगळं रांगेत उभं. गणिताचे सर म्हणाले, "बारावीचंच आहे. घाबरू नका." बारावीचंच होतं म्हणून तर घाबरलो. नवीन काही असतं तर शिकवलंच नाही असं म्हणायला जागा होती.

आमच्या भागात बारावीच्या गणिताला एक पद्धत आहे. तिला ऑप्शनला टाकणं म्हणतात. बोर्डाच्या पेपरात 'पैकी कोणतेही' असतं, त्यामुळे सगळं यायची गरज नसते. मुलं ऑप्शनला टाकतात ते समजू शकतं, पण आमच्याकडे शिक्षकच वर्गात येऊन सांगतात, "हा धडा वेळ फार खातो, मार्क कमी देतो. ऑप्शनला टाका." वर्ग खूश, सर खूश, आणि पुस्तकातला तो भाग शेवटपर्यंत कोरा करकरीत. डहाणूत आमच्या क्लासमध्ये व्हेक्टर ऑप्शनला गेले. बोर्डीकडच्या मुलांचं इंटिग्रेशन गेलं. चिंचणीच्या एका मुलाने त्रिकोणमिती दहावीपासूनच ऑप्शनला टाकली होती आणि तो सिव्हिलला आला होता. आम्हा सगळ्यांना एकावर एक ठेवलं असतं तर एक बऱ्यापैकी विद्यार्थी तयार झाला असता.

माझ्या बाकावरची शेजारीण तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरून यायची. तिच्याकडे ऑप्शनला टाकायला काही नव्हतंच. तिच्या ज्युनिअर कॉलेजात गणिताचे सर आले, त्यांनी तर्कशास्त्र शिकवलं, मॅट्रिक्स शिकवले आणि त्यांची बदली झाली. जागा वर्षभर रिकामी. ते दोन धडे तिला असे पक्के येत होते की झोपेतून उठवून विचारावं. बाकीचे तिने गाईडातून पाठ केले होते, उदाहरणासकट, उत्तरासकट, सुरुवातीच्या 'समजा'सकट. उदाहरणात x च्या जागी t आला की तिचं सगळं थांबायचं. ती म्हणायची, "ह्या t चं मी पाठ नाही केलेलं."

निकाल लागला. सर म्हणाले, "पास झालेले उभे राहा." वापीकडून येणारा एक मुलगा उभा राहिला आणि आपण एकटेच आहोत हे बघून ओशाळून खाली बसला. सरांनी पेपरांचा गठ्ठा टेबलावर टाकला आणि म्हणाले, "बेसच कच्चा आहे तुमचा."

बेस. जसा काही बेस मुलांनी घरून डब्यात भरून आणायचा असतो. जिथे जागा भरली नाही तिथे विद्यार्थी कच्चा, जिथे धडा शिकवला नाही तिथेही विद्यार्थीच कच्चा. हे मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं आणि आजही मला त्यातलं एक अक्षर बदलावंसं वाटत नाही.

मग सरांनी जाहीर केलं: सोमवारपासून चार ते सहा फाउंडेशन वर्ग. नापास झालेल्या सगळ्यांना सक्तीचा. हजेरी लागणार.

शेजारणीने पेन खाली ठेवलं. आमचं कॉलेज हायवेच्या कडेला माळावर आहे आणि तिच्या पाड्याकडे जाणारी शेवटची एसटी पाचला निघते. त्यानंतर तलासरी नाक्यापर्यंत काहीतरी मिळतं, पण नाक्यापासून पुढे चालत, आणि पुढे म्हणजे बरंच पुढे.

तिचं प्रकरण साधं नव्हतं. तिचा मोठा भाऊ आधी याच वाटेने गेला होता. पहिल्या वर्षाचं गणित, ज्याला सगळे एम-वन म्हणतात, त्याचं राहिलं, परत राहिलं, आणि आता तो तारापूरला कंपनीत शिफ्टला जातो. त्यामुळे हिला पाठवताना वडिलांनी सांगितलं होतं, एक सेमिस्टर. गणित निघालं तर पुढे शिक, नाही निघालं तर घरी ये. तिची मामी घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जाते. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तशी मामीने शेडमध्ये तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

"मला वर्ग पाहिजे गं," ती म्हणाली. "फक्त बस चुकायला नको."

"तू सोड माझ्यावर," मी म्हणाले.

इथे माझं शिक्षण सांगायला हवं, म्हणजे कॉलेजातलं नाही, खरं. आमच्या घरी वडिलांची रेल्वेत नोकरी आणि आईचं म्हणणं की मुलीने शांत बसावं. पण अकरावीत बसच्या पासासाठी आम्ही डेपोवर धरणं धरून बसलो, तेव्हापासून मी विद्यार्थी संघटनेत आहे. तिथे तलासरीच्या ऑफिसातल्या एका काकांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. काका आयुष्यभर पूर्णवेळ कार्यकर्ते. त्यांचा पहिला धडा असा: जे पाहिजे ते कधी मागायचं नाही, त्याच्या दोन पायऱ्या वर मागायचं. हातपंप पाहिजे तर नळयोजना मागायची. समोरचा घासाघीस करत खाली येतो आणि बरोबर हातपंपावर थांबतो. दुसरा धडा: साहेबाच्या केबिनमध्ये खुर्ची दिली तर बसायचं नाही, पाणी दिलं तर प्यायचं.

म्हणून मी लिहिलं: 'विद्यार्थ्यांच्या माथी मारलेला अपमानकारक, जुलमी, अन्यायकारक फाउंडेशन वर्ग तात्काळ रद्द झालाच पाहिजे! शिक्षकांची पदे रिकामी ठेवणाऱ्या आणि विद्यार्थ्यांना कच्चे ठरवणाऱ्या विद्यार्थीद्रोही प्रवृत्तींचा धिक्कार असो!'

शेजारणीने ते दोनदा वाचलं. "पण मला तर वर्ग पाहिजे."

"ते आपल्यात. पत्रकात ते लिहायचं नसतं. रद्द करा म्हटलं की ते वेळ बदलतात. वेळ बदला म्हटलं की काहीच करत नाहीत. हे शास्त्र आहे."

"नक्की?"

"तू मॅट्रिक्समध्ये लक्ष घाल."

झेरॉक्सवाल्याने पत्रक काढता काढता वाचलं आणि स्वतःहून चार प्रती जास्त दिल्या. दुपारपर्यंत वर्गात एक जण असा नव्हता ज्याने सही केली नाही. वापीच्या मुलानेही केली. तो म्हणाला, उद्या आपणही नापास होऊ शकतो. चिंचणीचा तो त्रिकोणमितीवाला घोषणा द्यायला पुढे आला. त्याचा आवाज बंदरावर मासळीच्या लिलावात बोली लावून तयार झालेला होता. "फाउंडेशन वर्ग," तो ओरडला की अख्खा वर्ग "रद्द करा" म्हणायचा, आणि शेजारणीचे फक्त ओठ हलायचे.

आम्ही पाच जण शिष्टमंडळ म्हणून प्राचार्यांकडे गेलो. शेजारीण बाहेर थांबली. प्राचार्यांनी खुर्च्या दिल्या, आम्ही बसलो नाही. पाणी दिलं, आम्ही प्यायलो. मी पत्रक पुढे केलं आणि मुद्दे सुरू करायला घसा साफ केला. माझी तयारी मोठी होती. रिकाम्या जागा, मराठीतून शिकून अचानक इंग्रजीत आलेली मुलं, एसटीचं वेळापत्रक, सगळं ओळीने पाठ होतं.

प्राचार्यांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. रद्द."

"सर, आधी आमचं म्हणणं ऐकून घ्या."

"अहो ताई, मान्य केलं ना मी."

"तरी ऐका."

"कशाला? सहा वाजेपर्यंत शिपाई थांबवायचा, दिवे चालू ठेवायचे, मलाही कटकटच होती. सरसुद्धा बोर्डीहून येतात, त्यांनाही घरी जायला उशीरच झाला असता. तुम्ही बरं केलंत." त्यांनी घंटी वाजवली. "नोटीस काढून टाकायला सांगतो."

मी म्हणाले, "सर, वेळ बदलण्याबद्दल विचार करता येईल का? आम्ही तेवढ्यावरही समाधान मानू."

"नाही, नाही," प्राचार्य म्हणाले. "विद्यार्थ्यांवर अन्याय नको."

बाहेर आल्यावर चिंचणीच्या मुलाने अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरचं लेक्चर थांबलं. मला खांद्यावर घ्यायचीही काही जणांची तयारी होती, ती मी हाणून पाडली. कॅन्टीनवाल्याने फुकट चहा दिला. एवढ्या लवकर एवढा मोठा विजय आमच्या जिल्ह्याने पाहिला नसेल.

एसटीच्या थांब्यावर शेजारीण पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"वेळ बदलली?"

"रद्द झाला."

"म्हणजे वर्ग नाही?"

"नाही. म्हणजे, तसं बघितलं तर आपण जिंकलो."

तिने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "तू सांगितलेलं, जर रद्द मागितलं, तर वेळ बदलेल. 'जर' खरं झालं, 'तर' खोटं झालं. जर-तरच्या विधानाच्या सत्यता-सारणीत चार ओळी असतात, त्यातल्या तीन ओळींत ते खरं राहतं. खोटं ठरायला एकच ओळ आहे. तू बरोबर ती काढलीस."

एसटी आली. ती चढली आणि खिडकीशी बसूनही तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी जाऊन मी काकांना फोन लावला.

"काका, मागणी मान्य झाली."

"अभिनंदन, पोरी."

"नको होती ती."

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं. काका म्हणाले, "मी दोन पायऱ्या वर म्हटलं होतं. तू गच्चीवर जाऊन उभी राहिलीस. आणि एक लक्षात ठेव, ज्यात साहेबाचाच आराम आहे ते कधी मागू नये. ते लगेच मिळतं."

"हे तुम्ही शिकवलं नव्हतं."

"कोणी असलं मागेल असं वाटलं नव्हतं."

"आता परत कसं आणायचं?"

"मिळालेली मागणी परत करायची पद्धत आपल्यात नाही," काका म्हणाले. "बघ तूच. काही जमलं तर मलाही कळव."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "मग आता गणित कोण शिकवणार तुम्हाला? मोर्चा?"

मी दुसरं पत्रक लिहिलं. 'विद्यार्थ्यांच्या हक्काचा फाउंडेशन वर्ग पूर्ववत सुरू झालाच पाहिजे.' यावर सह्या मागायला गेले तेव्हा वर्गाने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कँपसमध्ये पोलिस घेऊन आले आहे. चिंचणीच्या मुलाने कागद हातात घेतला, उलटा करून मागेही पाहिलं.

"ताई, तू नक्की कोणाच्या बाजूची?"

"विद्यार्थ्यांच्या."

"मग आम्ही कोण?"

त्या पत्रकावर दोन सह्या झाल्या, माझी आणि शेजारणीची. तिने सही करताना म्हटलं, "आता पत्रक पुरे. आपण सरांनाच विचारू ना." मला हे फार भाबडं वाटलं. पण माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

रविवारी आम्ही बोर्डीला गेलो. सरांची चिकूची वाडी गावाबाहेर, रस्त्याला लागूनच. सर हाफ पँटमध्ये, डोक्याला टॉवेल गुंडाळून, जाळी लावलेल्या लांब काठीने वरचे चिकू उतरवत होते. वर्गात टाय लावून बेस कच्चा म्हणणारा माणूस या अवतारात बघून माझा निम्मा राग तिथेच पातळ झाला, आणि हे मला आवडलं नाही. सरांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, ओट्यावरून गुजरातीत विचारलं, "चा पीशो ने?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

सरांनी टॉवेल सोडून तोंड पुसलं. "बोला. आता काय रद्द करायचंय?"

मी म्हणाले, "सर, वर्ग सुरू करायचाय."

ते आत गेले आणि माझं पत्रक घेऊन आले. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचलं, "विद्यार्थीद्रोही प्रवृत्ती." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही प्रवृत्ती म्हणजे मी का?"

"सर, ते आम्ही सगळ्यांनाच लिहितो."

"जुलमी पण मीच?"

"तो वर्ग."

"वर्ग मीच घेणार होतो ना."

बाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "जुलमी कोन?" सर स्वतःकडे बोट दाखवून त्यांच्याच गुजरातीत म्हणाले, "हूं." बाई मनापासून हसल्या आणि माझ्या बशीत एक बिस्कीट जास्त ठेवलं.

मी माझी बाजू मांडायला सुरुवात केली. रिकाम्या जागांपासून. सर ऐकत होते, पण त्यांचं तोंड मिटतच चाललं होतं. तेवढ्यात शेजारणीने मध्येच विचारलं, "सर, इंटिग्रेशनच्या शेवटी dx लिहितात ते काय असतं? त्याने गुणायचं असतं का?"

सरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. dx विचारणारी मुलगी घेऊन मी इंजिनीअरिंगचा वर्ग मागायला आले होते.

"पाठ करताना लिहिलंस की नाही dx?" सरांनी विचारलं.

"लिहिलं. नाही लिहिलं तर मार्क कापतात. म्हणून लिहिते."

"किती वर्षं शिकवतो मी," सर बाईंकडे बघून म्हणाले, "हे कोणी विचारत नाही. सगळे लिहितात." त्यांनी चिकूचं एक रिकामं कॅरेट उलटं केलं, खिशातून पेन काढलं आणि कॅरेटात अंथरायचा वर्तमानपत्राचा कागद त्यावर पसरला. वाडीचा आकार काढला, एका बाजूने वाकडा, नाल्याला लागून. मग त्यात उभ्या पट्ट्या पाडल्या. एका पट्टीची रुंदी दाखवून म्हणाले, "ही dx. उंची गुणिले ही. अशा सगळ्या पट्ट्यांची बेरीज. पट्टी जितकी बारीक, तितकं क्षेत्रफळ बरोबर."

"म्हणजे गुणायचंच असतं," शेजारीण म्हणाली.

"गुणायचंच असतं."

"मग मी t लिहिला तर dt. पट्टीचं नाव बदललं फक्त."

"फक्त नाव."

ती कागदाकडे बघत राहिली. मीही बघत होते. मला हे बारावीत चांगल्या मार्कांनी पास होऊनही माहीत नव्हतं, आणि या गोष्टीचा मला अजूनही संताप आहे.

सर म्हणाले, "पण संध्याकाळी जमणार नाही. आता प्राचार्यच परत नोटीस काढणार नाहीत. तुमच्या विजयाची फाईल झाली आहे."

मी चटकन म्हणाले, "सर, मग आठवड्यातून पाच दिवस, दोन तास, आणि येण्याजाण्याची सोय..." दोन पायऱ्या वर. सवय.

शेजारणीने माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाली, "सर, आमची पहिली एसटी साडेसातच्या आधी पोचते. दुसरी थेट दहाला, म्हणून सगळे पहिलीलाच येतात. साडेनऊपर्यंत आम्ही तलासरीकडची पंधरावीस पोरं पायऱ्यांवरच बसून असतो. त्या वेळात तुम्ही आलात तर."

"रोज बसता?"

"रोज."

"काय करता तिथे?"

"काही नाही. बसतो."

हे सरांना माहीत नव्हतं. खरं म्हणजे मलाही नव्हतं. मी डहाणूहून शेअर रिक्षाने साडेनऊला पोचते आणि माझ्या पत्रकात एसटीच्या वेळापत्रकावर अख्खा परिच्छेद होता.

सरांनी वर झाडाकडे पाहिलं. "सकाळी माणसं तोडणीला येतात. मी नसलो की कच्चे चिकू उतरवतात."

"मी बघीश," बाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा मला कळतं कच्चं."

"तीन दिवस," शेजारीण म्हणाली.

"दोन," सर म्हणाले.

"बरं."

एवढंच. मी तिच्याकडे बघत राहिले. घासाघीस नाही, घोषणा नाही, बरं म्हणून मोकळी. सरांनी एक अट मात्र माझ्याकडे बघून घातली: याबद्दल एकही पत्रक निघणार नाही, आणि मी पहिल्या बाकावर बसायचं. दुसरी अट चालली. पहिलीला मी वेळ मागितला. शेजारणीने पुन्हा पाय दिला.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी. शिपाई यायच्या आधी वर्ग उघडत नसे, म्हणून सुरुवातीला पायऱ्यांवरच. सर निवडीत बाद झालेले चिकू पिशवीत घेऊन यायचे आणि डेरिव्हेटिव्ह शिकवायचे. मला डहाणूहून पहाटे निघावं लागायचं. मी जांभया देत पहिल्या पायरीवर बसायचे आणि पट्ट्या, कोन, लॉग सगळं डोक्यावरून जायचं, पण व्यवस्था माझ्याकडे होती. कोण आलं, कोण नाही, खडू आहे का. तिसऱ्या आठवड्यात चिंचणीचा मुलगा आला. म्हणाला, "मी सहज आलोय." आणि साइन म्हणजे काय हे त्याने त्याच दिवशी विचारून घेतलं, हळू आवाजात, जो त्याला जमतो हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

शेजारीण प्रत्येक पायरीला 'का' विचारायची. पाठ केलेलं एकेक उदाहरण ती बाहेर काढून सरांपुढे ठेवायची आणि ते असं का आहे ते विचारून परत आत ठेवायची. सर वैतागायचे. मग शुक्रवारी ते स्वतःच लवकर यायला लागले.

सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा आम्ही थांब्यावर होतो. नेटवर्क तिथे एकाच खांबाजवळ येतं, त्यामुळे सगळे खांबाला चिकटून. तिचा आधी उघडला. एम-वन निघालं होतं. फार नाही, पण निघालं होतं, ग्रेसचे मार्क न लागता. तिने लगेच घरी फोन लावला आणि तिच्या भाषेत वडिलांशी बोलली. बोलणं छोटंच झालं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मामीला सांगतो."

"काय सांगतो?"

"जागा दुसऱ्या कोणाला दे म्हणून." तिने फोन पिशवीत टाकला. मग माझ्याकडे वळली. "तुझं?"

"अन्याय झाला," मी म्हणाले.

"किती मार्कांनी?"

"बऱ्याच."

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. पाचची एसटी आली. चढता चढता ती म्हणाली, "मंगळवारी ये लवकर. आणि खडू कोणी आणलाय ते बघत बसू नकोस, समोर बघ."